अणूपासून तारेपर्यंत: तारापूरची वीज कशी तयार होते

अणुभट्टीतून वीज निघत नाही, उष्णता निघते. एवढी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवली तर अणुविद्युत केंद्राचं बरंचसं गूढ तिथेच संपतं. युरेनियमच्या इंधनाला कुठेही वायर जोडलेली नसते. ते इंधन तापतं, त्याच्यावरून पाणी फिरतं, पाण्याची वाफ होते, वाफ टर्बाइनची पाती फिरवते आणि टर्बाइनला जोडलेलं जनित्र वीज तयार करतं. वाफेपासून पुढचं सगळं कोराडी, चंद्रपूर किंवा परळीच्या औष्णिक केंद्रात चालतं तसंच. फरक एवढाच की पाणी तापवायला कोळशाऐवजी युरेनियम वापरलेलं असतं.

पण हा फरक लहान नाही. कोळसा घालणं थांबवलं की बॉयलर थंड होत जातो. अणुभट्टी बंद केली तरी तिच्यात उष्णता तयार होतच राहते, तासन्‌तास, दिवसेंदिवस. म्हणून अणुवीज समजून घ्यायची तर उष्णता तयार कशी होते एवढं पाहून भागत नाही. ती तिथून दर क्षणी काढून कशी नेतात, हेही पाहावं लागतं. माझ्या मते या तंत्रज्ञानातलं सर्वांत अवघड काम तेच आहे, आणि वादविवादात त्याचाच उल्लेख सर्वांत कमी होतो.

उदाहरण आपल्याच राज्यातलं घेऊ. पालघर जिल्ह्यात, बोईसरजवळ समुद्रकाठी तारापूरचं केंद्र उभं आहे. देशातलं हे पहिलं अणुविद्युत केंद्र. त्याचे पहिले दोन संच २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यावसायिक तत्त्वावर वीज देऊ लागले. ते अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने बांधले होते. मुळात त्यांची क्षमता प्रत्येकी २१० मेगावॉट होती, पुढे ती १६० वर आणली गेली. शेजारीच २००५ आणि २००६ मध्ये आणखी दोन संच सुरू झाले. हे भारतीय अभियंत्यांच्या आराखड्याचे, प्रत्येकी ५४० मेगावॉटचे. डॉ. अनिल काकोडकर अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते तो हा काळ. एकाच आवारात दोन अगदी वेगळ्या पद्धतींच्या भट्ट्या असल्यामुळे तारापूर हे समजून घ्यायला फार चांगलं उदाहरण आहे.

केंद्रक फुटतं म्हणजे काय होतं

कोळसा जळतो तेव्हा कार्बनचा अणू ऑक्सिजनशी जोडला जातो. ही सगळी उलाढाल अणूच्या बाहेरच्या बाजूला असलेल्या इलेक्ट्रॉनांची. अणूच्या मधोमध जे केंद्रक असतं त्याला धक्कासुद्धा लागत नाही. अणुभट्टीत मात्र केंद्रकच फुटतं.

युरेनियम-२३५ च्या केंद्रकात ९२ प्रोटॉन आणि १४३ न्यूट्रॉन असतात. सगळे प्रोटॉन धनभारित, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटत असतात. केंद्रकातलं अतिशय जवळच्या अंतरावर चालणारं बल त्यांना धरून ठेवतं. एवढ्या मोठ्या केंद्रकात हा तोल जेमतेमच साधलेला असतो. बाहेरून आणखी एक न्यूट्रॉन आत शिरला की केंद्रक डळमळतं, लांबट होतं आणि त्याचे दोन तुकडे होतात. हे तुकडे म्हणजे दोन लहान मूलद्रव्यांची केंद्रकं. एखाद्या वेळी बेरियम आणि क्रिप्टॉन, एखाद्या वेळी झेनॉन आणि स्ट्रॉन्शियम. सोबत दोन किंवा तीन न्यूट्रॉन बाहेर पडतात.

सगळ्या तुकड्यांचं वजन एकत्र केलं तर ते मूळच्यापेक्षा किंचित कमी भरतं. आइनस्टाइनच्या सूत्राप्रमाणे हा कमी पडलेला भाग ऊर्जेच्या रूपात बाहेर येतो. पण "वस्तुमानाची ऊर्जा झाली" एवढं म्हणून सोडून दिलं की वाचकाला उष्णता कुठून आली हे कळतच नाही. म्हणून थोडं थांबू. ही ऊर्जा बहुतांशी त्या दोन तुकड्यांच्या वेगात असते. दोघेही धनभारित, त्यामुळे फुटताक्षणी एकमेकांना झिडकारून प्रचंड वेगाने सुटतात. पण ते घन इंधनाच्या आत असतात, आजूबाजूला युरेनियम आणि ऑक्सिजनच्या अणूंची दाटी असते. एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढं अंतर कापेपर्यंत त्यांचा वेग संपतो. वाटेत ज्या अणूंना धडक बसते ते जोरजोरात थरथरू लागतात. अणूंची ही थरथर म्हणजेच उष्णता. अणुऊर्जेचं उष्णतेत रूपांतर होतं ते इथे, इंधनाच्या आतच.

कार्बनचा एक अणू जळून जेवढी ऊर्जा मिळते, तिच्या सुमारे पाच कोटी पट ऊर्जा युरेनियमचं एक केंद्रक फुटून मिळते. तरीही एक वॉट उष्णतेसाठी दर सेकंदाला सुमारे ३१०० कोटी केंद्रकं फुटावी लागतात. अणू इतका लहान असतो.

तारापूरच्या मोठ्या संचांतलं इंधन कसं दिसतं ते सांगतो. युरेनियम डायऑक्साइडच्या, चिनी मातीसारख्या भाजून घट्ट केलेल्या छोट्या दंडगोल गोळ्या असतात, त्यांना पेलेट म्हणतात. झिरकोनियमच्या मिश्रधातूच्या नळीत त्या एकामागे एक भरून नळीची दोन्ही तोंडं बंद करतात. अशा ३७ नळ्या एकत्र बांधल्या की अर्धा मीटर लांबीचं एक बंडल होतं. हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये ही बंडलं तयार होतात. वापरण्याआधी ती हातात धरता येतात, कारण ताज्या नैसर्गिक युरेनियमचा किरणोत्सार अगदी सौम्य असतो.

एका बंडलात सुमारे १९ किलो युरेनियम असतं. आता ढोबळ हिशेब करू. अशा भट्टीत एक किलो नैसर्गिक युरेनियम बाहेर काढेपर्यंत सुमारे ७ मेगावॉट-दिवस उष्णता देऊन जातं, म्हणजे १ लाख ६८ हजार युनिट. त्यातल्या तीस टक्क्यांच्या आसपास उष्णतेची वीज होते, म्हणजे ५० हजार युनिट. एका बंडलाची झाली साडेनऊ लाख युनिट. महिन्याला १०० युनिट वापरणारी साडेसातशेहून अधिक घरं त्यावर वर्षभर चालतील. तेवढ्याच विजेसाठी औष्णिक केंद्राला सहाशे टनांच्या घरात कोळसा लागेल, मालगाडीच्या साधारण दहा वाघिणी. एकीकडे एका माणसाला उचलता येईल असं बंडल, दुसरीकडे दहा वाघिणी. अणुऊर्जेबद्दल माणसाला एवढं आकर्षण का वाटलं, ते या हिशेबातच आहे.

न्यूट्रॉनला आवरायचं कसं

एक केंद्रक फुटून दोन-तीन न्यूट्रॉन निघतात, ते आणखी केंद्रकं फोडतात, त्यातून आणखी न्यूट्रॉन. हीच साखळी प्रक्रिया. पण ती आपोआप चालत नाही, आणि इथे निसर्गाने एक मोठी अडचण घालून ठेवली आहे. खाणीतून निघणाऱ्या युरेनियममध्ये सहज फुटणारं युरेनियम-२३५ फक्त ०.७ टक्के असतं. उरलेलं जवळजवळ सगळं युरेनियम-२३८, जे सहजी फुटत नाही, उलट न्यूट्रॉन गिळून टाकतं. शिवाय नुकते सुटलेले न्यूट्रॉन सेकंदाला वीस हजार किलोमीटरच्या वेगाने पळत असतात, आणि अशा वेगवान न्यूट्रॉनाने युरेनियम-२३५ चं केंद्रक फुटण्याची शक्यता फार कमी. तोच न्यूट्रॉन सेकंदाला दोन-सव्वादोन किलोमीटर इतका मंदावला, तर ही शक्यता पाचशे पटींच्या आसपास वाढते.

म्हणून न्यूट्रॉनचा वेग कमी करणारा पदार्थ भट्टीत ठेवावा लागतो. त्याला मंदायक म्हणतात. मंदायक म्हणून हलक्या अणूंचा पदार्थच का चांगला, हे कॅरम खेळणाऱ्याला लगेच कळेल. स्ट्रायकर पट्टीवर आदळला तर जवळजवळ त्याच वेगाने परत येतो, पण त्याच्याएवढ्याच वजनाच्या दुसऱ्या स्ट्रायकरला समोरासमोर बसला तर स्वतः जवळपास थांबतो आणि वेग त्या दुसऱ्याला देऊन टाकतो. न्यूट्रॉनच्या वजनाएवढंच वजन हायड्रोजनच्या केंद्रकाचं असतं. त्यामुळे साध्या पाण्यातल्या हायड्रोजनशी वीसेक टकरा झाल्या की न्यूट्रॉन पुरेसा मंदावतो.

साध्या पाण्याचा दोष एवढाच की त्यातला हायड्रोजन मधूनमधून न्यूट्रॉन गिळतोही. नैसर्गिक युरेनियम वापरलं तर ही गळती परवडत नाही, साखळी तुटते. यावर दोन तोडगे आहेत आणि तारापूरला दोन्ही पाहायला मिळतात.

पहिला तोडगा इंधनच बदलण्याचा. युरेनियम-२३५ चं प्रमाण ०.७ टक्क्यांवरून वाढवून घ्यायचं. याला समृद्ध युरेनियम म्हणतात. तारापूरचे जुने दोन संच अशा इंधनावर बांधले गेले, त्यांत साधं पाणी चालतं. पण समृद्ध युरेनियम परदेशातून यायचं. १९७४ मध्ये पोखरणला चाचणी झाल्यानंतर अमेरिकेने पुरवठ्यात अडथळे आणले आणि पुढे तो थांबवला. मग फ्रान्स, चीन, रशिया अशा देशांकडून वेळोवेळी इंधन मिळवावं लागलं. इंधनासाठी दुसऱ्याच्या दारात उभं राहण्याची किंमत देशाला तारापूरने दाखवली.

दुसरा तोडगा पाणी बदलण्याचा. हायड्रोजनचा एक जड भाऊ आहे, ड्युटेरियम. त्याच्या केंद्रकात प्रोटॉनसोबत एक न्यूट्रॉन आधीच असल्यामुळे तो आणखी न्यूट्रॉन सहसा घेत नाही. ड्युटेरियमचं पाणी म्हणजे जड पाणी. त्यात न्यूट्रॉन मंदावायला टकरा जास्त लागतात, पण वाया जवळजवळ जात नाहीत. मग नैसर्गिक युरेनियमवरही भट्टी चालते. तारापूरचे तिसरा आणि चौथा संच असे जड पाण्याचे आहेत. निसर्गात साडेसहा-सात हजार हायड्रोजन अणूंमागे ड्युटेरियमचा एकच अणू असतो, त्यामुळे जड पाणी वेगळं काढणं खर्चाचं आणि चिकाटीचं काम. अलिबागजवळच्या थळला खत कारखान्याला लागून जड पाण्याचा कारखाना आहे तो यासाठीच. खतासाठी लागणाऱ्या वायूत हायड्रोजन भरपूर असतो, त्यातूनच ड्युटेरियम वेचून घेतात. झारखंडातल्या जादुगुड्याची खाण, हैदराबादचा इंधन कारखाना, थळचं जड पाणी असं सगळं देशातच जुळवता आलं म्हणून भारताने आपल्या बहुतेक भट्ट्या याच पद्धतीच्या बांधल्या.

आता नियंत्रण. प्रत्येक विखंडनातून, म्हणजे केंद्रक फुटण्यातून, निघालेल्या न्यूट्रॉनांपैकी सरासरी एकाने पुढचं एक केंद्रक फोडलं तर शक्ती एका पातळीवर स्थिर राहते. या स्थितीला क्रांतिक अवस्था म्हणतात. मुंबईत ट्रॉम्बेला ४ ऑगस्ट १९५६ रोजी 'अप्सरा' ही भट्टी क्रांतिक झाली, ती भारतातली पहिली. सरासरी एकाच्या वर गेली तर शक्ती वाढत जाते, खाली आली तर उतरते. ही सरासरी सांभाळायला न्यूट्रॉन शोषणारे पदार्थ वापरतात. बोरॉन आणि कॅडमियम त्यात नेहमीचे. तारापूरच्या ५४० मेगावॉटच्या संचांत रोजच्या बारीक नियंत्रणासाठी चक्क साधं पाणी वापरलं जातं. भट्टीच्या वेगवेगळ्या भागांतल्या कप्प्यांत त्याची पातळी कमीजास्त करतात. साध्या पाण्याचा न्यूट्रॉन गिळण्याचा जो दोष म्हणून सांगितला, तोच इथे कामी येतो.

पण न्यूट्रॉनच्या एका पिढीनंतर दुसरी सेकंदाच्या हजाराव्या भागात येते. इतक्या वेगवान गोष्टीवर यंत्राने किंवा माणसाने ताबा कसा ठेवायचा? मला स्वतःला या विषयातली सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट ही आहे की त्याची सोयही निसर्गातच आहे. सगळे न्यूट्रॉन विखंडनाच्या क्षणी निघत नाहीत. युरेनियम-२३५ च्या बाबतीत सुमारे ०.६५ टक्के न्यूट्रॉन तुकड्यांमधून मागाहून निघतात, काही सेकंदांनी, काही तर मिनिटभराने. भट्टी अशी चालवतात की हे उशिरा येणारे न्यूट्रॉन धरल्याशिवाय साखळी पुरी होऊच नये. त्यामुळे शक्तीतले बदल सेकंदांच्या, मिनिटांच्या चालीने होतात आणि न्यूट्रॉन शोषणारे दांडे आतबाहेर हलवायला सवड मिळते. हजारात साडेसहा न्यूट्रॉन उशिरा आले नसते तर अणुविद्युत केंद्र ही गोष्टच शक्य झाली नसती.

अणुभट्टी अणुबॉम्बसारखी फुटेल का, ही भीती अनेकांच्या मनात असते, तिचं उत्तरही इथेच देतो. बॉम्बला युरेनियम-२३५ चं प्रमाण साधारण ९० टक्के लागतं. भट्टीत ते एक टक्क्याहून कमी किंवा फार तर पाच टक्क्यांपर्यंत. त्या इंधनात तसा स्फोट होऊच शकत नाही. भट्टीचे धोके खरे आहेत, पण ते वेगळे आहेत. ते उष्णतेशी जोडलेले आहेत.

उष्णता बाहेर काढताना

जुन्या दोन संचांत रचना सरळ आहे. इंधन असलेल्या पोलादी पात्रातच पाणी उकळतं आणि ती वाफ टर्बाइनकडे जाते. म्हणून या पद्धतीला उकळत्या पाण्याची भट्टी म्हणतात. यात इंधनाला लागलेलं पाणीच वाफ होऊन टर्बाइनपर्यंत पोहोचतं. भट्टीत न्यूट्रॉनचा मारा झाल्यामुळे पाण्यातल्या काही ऑक्सिजनचं किरणोत्सारी नायट्रोजन-१६ मध्ये रूपांतर होतं. म्हणून संच चालू असताना टर्बाइनभोवतीही जाड भिंतींचं संरक्षण लागतं. या नायट्रोजनचं अर्धायुष्य सात सेकंदांचं, म्हणजे दर सात सेकंदांनी तो निम्मा होतो, त्यामुळे संच थांबला की तो काही मिनिटांत संपून जातो.

नव्या दोन संचांत दोन वेगळे पाण्याचे फेरे आहेत. भट्टीचं मोठं पात्र आडवं असतं आणि त्यातून ३९२ आडव्या नळ्या जातात. प्रत्येक नळीत १३ बंडलं एकापुढे एक. या नळ्यांतून जड पाणी पंपाने जोरात फिरवलं जातं. त्याच्यावर वातावरणाच्या सुमारे शंभर पट दाब असतो, त्यामुळे ते तीनशे अंश सेल्सियसपर्यंत तापलं तरी द्रवरूपच राहतं. हे तापलेलं जड पाणी बॉयलरमध्ये, म्हणजे स्टीम जनरेटरमध्ये जातं. तिथे ते हजारो बारीक नळ्यांच्या आतून वाहतं आणि नळ्यांच्या बाहेर साधं पाणी असतं. धातूच्या पातळ भिंतीतून उष्णता पलीकडे जाते, पाणी मात्र पलीकडे जात नाही. साध्या पाण्याची अडीचशे अंशांच्या आसपासची वाफ होते आणि ती टर्बाइनला मिळते. किरणोत्सार आतल्या फेऱ्यातच राहतो.

या संचांची आणखी एक खासियत. इंधन बदलायला भट्टी बंद करावी लागत नाही. भट्टीच्या दोन्ही तोंडांना एकेक यंत्र एकाच नळीला येऊन जोडलं जातं. एका बाजूने ताजी बंडलं आत ढकलली जातात, दुसऱ्या बाजूने वापरलेली बाहेर येतात, आणि हे सगळं शंभर पट दाब तसाच ठेवून, वीज चालू असताना. कर्नाटकातल्या कैगाचा पहिला संच डिसेंबर २०१८ पर्यंत सलग ९६२ दिवस थांबला नव्हता, हे या सोयीशिवाय जमणारं नव्हतं.

टर्बाइनमध्ये वाफ प्रसरण पावते, पात्यांना रेटा देते आणि दाब आणि उष्णता दोन्ही गमावत शेवटच्या टोकाला पोहोचते. दांडा मिनिटाला ३००० फेरे घेतो, सेकंदाला ५०. जनित्रात फिरतं चुंबक असतं आणि त्याच्याभोवती तांब्याची स्थिर वेटोळी. फिरत्या चुंबकामुळे तारेत वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं, तेच तत्त्व. सेकंदाला ५० फेरे म्हणूनच आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची. जनित्रातून ती साधारण वीसेक हजार व्होल्टने निघते, ट्रान्सफॉर्मर तिचा दाब ४०० किलोव्होल्टपर्यंत चढवतात, आणि मग ती पश्चिम भारताच्या ग्रिडमध्ये मिसळते. तिथून पुढे कोणत्या घरातला पंखा तारापूरवर फिरतोय हे ओळखता येत नाही.

समुद्र कशाला हवा

पात्यांमधून काम करून आलेली वाफ पुन्हा पाणी करून बॉयलरमध्ये पाठवावी लागते. हे कंडेन्सरमध्ये होतं. त्याच्या नळ्यांतून समुद्राचं पाणी वाहतं, बाहेरून वाफ लागते आणि थंड होऊन पाणी होते. वाफेचं पाणी झालं की जागा रिकामी होते, कंडेन्सरमध्ये दाब वातावरणाच्या खूप खाली जातो, आणि त्या ओढीमुळे टर्बाइनमधून आणखी काम मिळतं.

५४० मेगावॉट वीज देणारा संच सुमारे १७०० मेगावॉट उष्णता तयार करतो. म्हणजे साडेअकराशेच्या आसपास मेगावॉट उष्णता समुद्रात जाते. ही उधळपट्टी नाही, उष्णतेपासून काम मिळवण्याचा निसर्गनियमच असा आहे. वाफ जितकी गरम आणि थंड टोक जितकं थंड, तितका जास्त वाटा विजेच्या पदरात पडतो. आधुनिक कोळसा केंद्रात वाफ साडेपाचशे अंशांच्या वर नेतात, त्यामुळे तिथे जवळपास ४० टक्के उष्णतेची वीज होते. पाण्याच्या अणुभट्टीत नळ्यांचा धातू आणि पाण्याचा दाब यांची मर्यादा पाळत अडीचशे-तीनशे अंशांवर थांबावं लागतं, म्हणून हा वाटा तीस टक्क्यांच्या आसपास घुटमळतो.

समुद्राचं पाणी सात अंशांनी कोमट होऊ द्यायचं ठरवलं, तर एका संचासाठी दर सेकंदाला सुमारे ४० हजार लिटर पाणी फिरवावं लागेल. म्हणून अशी केंद्रं किनाऱ्यावर किंवा मोठ्या जलाशयाकाठी उभी राहतात. नरोरा, काकरापार अशा समुद्रापासून दूरच्या ठिकाणी उंच शीतकमनोरे बांधावे लागतात. त्यांच्या तोंडातून निघणारा पांढरा लोट धुराचा नसतो, तो पाण्याच्या वाफेचा असतो.

आणि किनारा मोकळा नसतो. तिथे कोळीवाडे असतात, वाड्या असतात. तारापूरच्या नव्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवावी लागली. रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूरला ९९०० मेगावॉटच्या प्रस्तावावर मच्छीमारांनी पहिल्यापासून विचारलेला प्रश्न पाण्याच्या तापमानाचा आणि माशांचाच होता. कंडेन्सरचं गणित माहीत असलेल्या कोणालाही तो प्रश्न गैरसमजातून आलेला वाटणार नाही. त्याला आकड्यांनी आणि मोजमापांनी उत्तर देणं हे प्रकल्प उभारणाऱ्यांचं काम आहे.

बंद केल्यावरही न विझणारी भट्टी

तारापूरच्या मोठ्या संचांत भट्टी तातडीने बंद करण्याच्या दोन स्वतंत्र व्यवस्था आहेत. एकीत कॅडमियमचे दांडे स्वतःच्या वजनाने खाली पडतात. दुसरीत गॅडोलिनियम नायट्रेटचं द्रावण जड पाण्यात जोराने सोडलं जातं. दोन्हींना काही सेकंदच पुरतात. साखळी थांबते. पण विखंडनातून तयार झालेले तुकडे किरणोत्सारी असतात. ते आपापल्या गतीने स्थिर रूपाकडे जात राहतात आणि जाताना उष्णता टाकतात. कोणत्याही दांड्याने हे थांबवता येत नाही.

बंद केल्याक्षणी ही उष्णता पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के असते. १७०० मेगावॉटच्या हिशेबाने शंभर मेगावॉटच्या वर. तासाभराने ती दीड टक्क्याच्या आसपास उतरते, दिवसाने अर्ध्या टक्क्यावर. पण अर्धा टक्का म्हणजेही आठ मेगावॉटहून अधिक, आणि ती बंद पात्रात साठत राहिली तर इंधन वितळवायला पुरेशी आहे. म्हणून बंद भट्टीलाही पाणी लागतं, पंप लागतात, पंपांना वीज लागते. वीज तयार करणाऱ्या केंद्राची सर्वांत नाजूक वेळ त्याला स्वतःलाच वीज मिळेनाशी होते ती.

उत्तर प्रदेशातल्या नरोराला ३१ मार्च १९९३ च्या पहाटे हेच घडलं. पहिल्या संचाच्या टर्बाइनची दोन पाती तुटली. असमतोल झालेलं यंत्र जोरात हादरलं, जनित्र थंड ठेवण्यासाठी वापरला जाणारा हायड्रोजन बाहेर पडून पेटला आणि आग केबलींच्या वाटेने पसरली. भट्टी लगेच बंद केली गेली, पण डिझेल जनित्रांची वीजही पोहोचेना. नियंत्रण कक्षात धूर भरला. पुढचे १७ तास संच अंधारात होता.

कर्मचाऱ्यांनी डिझेलवर चालणारे अग्निशमनाचे पंप सुरू करून ते पाणी स्टीम जनरेटरमध्ये सोडलं. काही जण हातात बॅटऱ्या घेऊन वर चढले आणि बोरॉनचं द्रावण भट्टीत सोडण्याच्या झडपा त्यांनी हाताने उघडल्या. आणि भट्टीतलं जड पाणी? त्याला फिरवणारे पंप बंद होते. पण स्टीम जनरेटर भट्टीपेक्षा उंचावर बसवलेले असतात. तापलेलं पाणी हलकं होऊन वर गेलं, तिथे उष्णता देऊन थंड झालं, जड होऊन खाली आलं आणि पुन्हा तापलं. कोणत्याही यंत्राशिवाय हा फेरा चालू राहिला. किरणोत्सार बाहेर पडला नाही. त्या रात्रीच्या कर्मचाऱ्यांचं नाव आपल्या शाळेच्या पुस्तकांत असायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

जपानात फुकुशिमाला ११ मार्च २०११ रोजी सुरुवात तशीच झाली, शेवट मात्र वेगळा. भूकंप होताच चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या ठरल्याप्रमाणे बंद झाल्या. भूकंपाने बाहेरची वीज गेली, त्सुनामीच्या पाण्याने डिझेल जनित्रं बुडवली. उष्णता साठत गेली, पाणी उकळून आटलं. झिरकोनियमच्या नळ्या अतितापल्यावर वाफेशी अभिक्रिया करतात आणि हायड्रोजन सुटतो. त्याचे स्फोट झाले आणि तिन्ही भट्ट्यांतलं इंधन वितळलं. त्या भट्ट्या उकळत्या पाण्याच्या होत्या, म्हणजे तारापूरच्या जुन्या दोन संचांच्या जातीच्या. त्यानंतर भारतातल्या सगळ्या केंद्रांची तपासणी झाली आणि सगळी वीज गेली तरी बाहेरून पाणी जोडता येईल अशी तोंडं भट्ट्यांच्या पाइपांवर बसवली गेली.

वापरलेल्या इंधनालाही हाच नियम लागू. भट्टीतून निघालेलं बंडल काही वर्षं खोल पाण्याच्या टाकीत ठेवतात. पाणी त्याची उष्णताही नेतं आणि किरणोत्सारही अडवतं. दरम्यान भट्टीत असताना थोड्या युरेनियम-२३८ चं प्लुटोनियम झालेलं असतं. ते आणि उरलेलं युरेनियम वेगळं काढण्याचा कारखाना तारापूरलाच आहे. शेवटी उरतो तो सर्वांत तीव्र किरणोत्सारी गाळ. तो बोरोसिलिकेट काचेत वितळवून घट्ट केला जातो आणि पोलादी डब्यांत बंद करून ठेवला जातो. आकारमानाने तो थोडा असतो, पण त्याची राखण पिढ्यान्‌पिढ्या करावी लागणार आहे. अणुविजेचा पुरस्कार करणाऱ्यांनी हे वाक्य हळू आवाजात म्हणू नये.

अणुकेंद्र दिवसभर एकाच शक्तीवर का चालवतात, असं मला काही जण विचारतात. एक कारण पैशाचं आहे, भांडवल अफाट आणि इंधन स्वस्त. दुसरं कारण झेनॉन-१३५. विखंडनातून तयार होणारा हा वायू न्यूट्रॉनचा मोठा भक्षक आहे. भट्टी अचानक थांबली की काही तास तो वाढत जातो, आणि जड पाण्याची भट्टी मग दीडेक दिवस पुन्हा सुरूच होत नाही. म्हणून देशाच्या विजेतला अणुविजेचा वाटा सुमारे ३ टक्के असला तरी तो रात्रंदिवस सारखा वाहतो.

तारापूरच्या ५४० मेगावॉटच्या आराखड्यावरूनच पुढे ७०० मेगावॉटचा आराखडा झाला. गुजरातमधल्या काकरापारचा तिसरा संच ३० जून २०२३ पासून आणि चौथा मार्च २०२४ पासून व्यावसायिक वीज देतो आहे. राजस्थानात रावतभाट्याचा सातवा संच एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाला, आणि हरियाणातल्या गोरखपूरला याच जातीच्या संचांचं काम चालू आहे. या आराखड्यात स्टीम जनरेटरच्याही वर पाण्याच्या टाक्या बसवल्या आहेत. सगळे पंप थांबले, सगळी वीज गेली, तर स्टीम जनरेटरमधली वाफ आपली आपण वर चढते, टाकीतल्या पाण्यात उष्णता सोडून पाणी होते आणि उतारानेच परत खाली येते. मध्ये ना पंप, ना मोटर.